प्रार्थनेला शब्द येत नाहीत, तरी विश्वास सोडायचा नाही. अशा वेळी काय करावे?

वाटेवरची (प्रश्न)

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

माझ्या यजमानांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत आणि त्यांना आठवड्यातून तीनदा, प्रत्येक खेपेस साधारण चार तास, डायलिसिसवर राहावे लागते. आजाराचे निदान झाले तेव्हा आम्ही दोघांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, मंडळीने उपास धरले, आणि देव यातून मार्ग काढील याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यानंतर एकामागून एक गोष्टी बिघडत गेल्या. प्रत्यारोपणासाठी दाता जुळला असे वाटत असतानाच शेवटच्या तपासणीत तो नाकारला गेला, यजमानांची नोकरी सुटली, आणि मुलाने एके दिवशी सरळच विचारले, "आई, देव आपले ऐकतो का?" मी त्याला काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही.

आता अशी अवस्था आहे की प्रार्थनेला बसले तरी शब्द येत नाहीत. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर मी पवित्र शास्त्र उघडून बसते, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते आणि काय वाचले ते क्षणभरानंतर आठवत नाही. आतल्या यंत्राची घंटा वाजली की तेवढी मात्र नेमकी ऐकू येते. उपासनेत गीत सुरू झाले की पुस्तक हातात धरून उभी राहते, पण तोंड उघडत नाही. सर्वांत अवघड जाते ते प्रार्थनासभेत. तेथे एका भगिनीने, अगदी प्रेमानेच, सांगितले की विश्वासात कोठेतरी उणीव असल्याशिवाय उत्तराला इतका उशीर होत नाही. दुसरीने घरात कोणाचे काही पाप झाकलेले आहे का ते शोधावे असे सुचवले. तेव्हापासून मी सभेला जाणे टाळते.

मला विश्वास सोडायचा नाही. "प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?" हा प्रभूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न माझाही आहे. परंतु पूर्वीसारखा विश्वास आतून वाटत नाही, आणि वाटत नसताना तसे दाखवणे हे मला ढोंग वाटते. अशा काळात विश्वास धरून ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? कृपया "सर्व काही चांगल्यासाठीच होते" एवढेच उत्तर देऊ नये. ते मी पुष्कळदा ऐकले आहे.

जुना वाचक

ताई, सलाम. आधी ढोंगाविषयी बोलतो, कारण तुमच्या मनाला तेच अधिक टोचते आहे असे दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने ढोंगी म्हटले आहे ते लोकांना दिसावे म्हणून सभास्थानांत आणि चवाठ्यांवर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांना. मन कोरडे पडलेले असताना, कोणी पाहत नसताना, केवळ देवाशी बोलणे तुटू नये एवढ्यासाठी जो बाकावर पुस्तक उघडून बसतो त्याला ढोंगी म्हणायला शास्त्रात कोठेही आधार सापडत नाही. ज्या दिवशी वाटेल त्याच दिवशी प्रार्थना खरी, असा नियम आपण आपल्याच मनाने केलेला आहे.

दुसरे असे की देवाकडे केलेली तक्रार ही प्रार्थनाच असते. पवित्र शास्त्रातल्या १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, पण उपासनेत आपण बहुधा उरलेली निवडतो आणि मग दुःखी माणसाला वाटते की या पुस्तकात आपल्यासाठी काही नाही. १३ वे स्तोत्र पाहा. त्याच्या पहिल्या दोनच वचनांत "किती काळ" हा प्रश्न चार वेळा येतो. ८८ वे तर याहून कठोर आहे. विलापाच्या बहुतेक स्तोत्रांत शेवटाकडे कोठेतरी "तरी मी तुझ्यावर भरवसा ठेवीन" असे वळण येते; ८८ व्यात ते येतच नाही, स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. तरीही संकलन करणाऱ्यांनी ते गाळले नाही आणि त्याच्या शेवटी एखादे दिलासा देणारे वचनही जोडले नाही. ते कोरहपुत्रांच्या नावे, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या संग्रहात आहे. लोकांनी एकत्र जमून गावे म्हणून ठेवलेले आहे. आणि त्या अंधारातल्या माणसाने पहिल्याच वचनात ज्याला हाक मारली आहे तो त्याच्या उद्धाराचा देव आहे. आईवर रागावलेले मूल आईचाच पदर धरून रडते, तसे ते आहे.

विलापगीत म्हणजे यरुशलेमेच्या नाशावरचा शोक. त्याच्या तिसऱ्या अध्यायातले "त्याची दया रोज सकाळी नवी होते" हे वचन पुष्कळ घरांत भिंतीवर असते. ते पुस्तकाच्या मधोमध आहे याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. त्याच्या आधी दोन अध्याय राख आणि उपासमार आहे, त्याच्यानंतर पुन्हा अश्रू आहेत, आणि पुस्तकाचा शेवट "तू आम्हांला अगदीच टाकून दिले आहेस काय" अशा भयातच होतो. लिहिणाऱ्याला आशा सापडली खरी, परंतु ती सापडल्याने यरुशलेमेचे पडलेले तट उभे राहिले नाहीत, आणि ते उभे राहिले असे भासवण्याचा प्रयत्नही त्याने केलेला नाही.

विश्वास "वाटत" नाही म्हणून तो नाही असे ठरवू नका. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या आणि २००७ मध्ये त्यांची खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळले की कित्येक दशके त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. त्या सर्व काळात त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या आणि मरणाऱ्यांची सेवा करीत होत्या.

करायचे काय, असे विचाराल तर स्वतःचे शब्द शोधण्याचा खटाटोप तूर्त सोडून द्या. शब्द उसने घ्या. सकाळी १३ वे स्तोत्र हळू आवाजात वाचा. त्यात सहाच वचने आहेत, मिनिटभरात वाचून होते. रात्री प्रभूची प्रार्थना म्हणा. ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी मार्काच्या नवव्या अध्यायातल्या, आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाचे एकच वाक्य म्हणा: "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." त्याच्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी होत्या, आणि प्रभूने आधी अविश्वास संपवून ये असे न सांगता त्याच्या मुलाला बरे केले.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे, त्यामुळे तुमच्या पत्रात जे नाही त्याकडे माझे लक्ष गेले. यजमानांचे उपचार, मुलाचा प्रश्न, मंडळी, सर्व काही त्यात आहे. तुमच्या स्वतःच्या झोपेविषयी किंवा जेवणाविषयी एक अक्षरही नाही. दीर्घ आजारी माणसाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांत हे मी नेहमी पाहते. रुग्णाचे वजन यंत्रावर बसण्याआधी आणि उठल्यानंतर किती भरले, दिवसभरात त्याच्या पोटात किती पाणी गेले, हे त्यांना तोंडपाठ असते, आणि आपण शेवटचे सलग कधी झोपलो हे विचारले की ते गप्प होतात.

१ राजेच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा नेमका असाच कोसळला आहे. कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय नुकताच झाला होता, आणि राणी ईजबेलीच्या एका धमकीने तो रानात पळाला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि "आता पुरे, माझा प्राण घे" असे देवाला म्हणाला. त्यावर देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला स्पर्श करून "ऊठ, खा" एवढेच म्हटले. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवलेली होती. तो खाऊन पुन्हा झोपला, तेव्हाही कोणी रागावले नाही; दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायलाच घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती. "एलीया, तू येथे काय करतोस?" हा प्रश्न यानंतर, होरेब डोंगरावर पोचल्यावर आला. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तो प्रश्न दोनदा विचारला जातो, एकदा वारा, भूकंप आणि अग्नी यांच्या आधी आणि एकदा त्या मंद वाणीनंतर, आणि एलीया दोन्ही वेळा तेच रडगाणे जसेच्या तसे गातो. देवाची वाणी ऐकूनही त्याची मनःस्थिती तिथल्या तिथे पालटली नाही. देवाने ती पालटण्याची वाट पाहिली नाही. त्याला पुढचे काम दिले, अलीशासारखा सोबती दिला, आणि बआल या परक्या दैवतापुढे गुडघा न टेकलेले ७,००० लोक अजून इस्राएलात आहेत हे सांगितले.

आता थोडे रोखठोक लिहिते. वाचलेले लक्षात न राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीत मन न लागणे, झोप आणि भूक बिघडणे, हे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज चालू असेल तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते आणि त्यासाठी डॉक्टरांना भेटले पाहिजे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार येत असेल तर दोन आठवडेही थांबू नये. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे असे ज्यांना वाटते त्यांना मी एवढेच विचारते की यजमानांच्या डायलिसिसविषयी ते असे म्हणतील का. इंग्लंडमधले प्रसिद्ध उपदेशक स्पर्जन यांच्या लंडनमधील एका सभेत १९ ऑक्टोबर १८५६ रोजी कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे मेली. स्पर्जन तेव्हा २२ वर्षांचे होते. त्या धक्क्याने ते अंथरुणाला खिळल्यासारखे झाले, आणि पुढे आयुष्यभर त्यांना खिन्नतेचे झटके येत राहिले. त्यांनी ते लपवले नाही. उपदेशक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी या विषयावर स्वतंत्र व्याख्यान दिले, आणि त्यात शरीराचा थकवा हेही एक कारण म्हणून स्पष्ट सांगितले.

एक व्यवहारातली सूचना करते. आठवड्यातल्या तीन पाळ्यांपैकी एका पाळीला तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणीतरी बाहेर बसावे. तुमच्यासाठी प्रार्थना करतो असे सांगणारे पुष्कळ असतील. त्यांपैकी एकाला हे चार तास मागा.

वाटेवरची

दोघांचेही मनापासून आभार. शुश्रूषाताई, तुमचे खरे आहे, रात्री मी वारंवार उठते आणि त्यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. डॉक्टरांशी स्वतःविषयी बोलेन.

तरीही एक प्रश्न जात नाही, तो स्पष्टच लिहिते. देव बरे करू शकतो असे मी मानते. तो करीत नाही, हेही रोज बघते. मग मी भरवसा ठेवायचा तो नेमका कशावर? बरे होण्यावर नाही, तर मग कशावर? आणि ज्यांची प्रार्थना ऐकली जाते त्यांच्या साक्षी सभेत ऐकताना, आमच्यात काय कमी आहे हा विचार मनात येतोच. त्या भगिनींनी तो बोलून दाखवला एवढेच.

एक पाळक

ताई, आधी तो आरोप बाजूला सारू, म्हणजे मूळ प्रश्नाकडे नीट वळता येईल. जन्मापासून आंधळ्या असलेल्या माणसाकडे पाहून शिष्यांनी हेच विचारले होते की पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. आणि प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहातला बुरूज पडून १८ माणसे मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती का, असे विचारून "नाही" हे उत्तरही त्यानेच दिले. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून तोंडातून शब्द काढला नाही, तोवर ते उत्तम मित्र होते. बोलू लागल्यावर त्यांनी तुमच्या प्रार्थनासभेतलेच बोल बोलायला सुरुवात केली. पुस्तकाच्या ४२ व्या अध्यायात देवाचा राग त्यांच्यावर भडकतो, देवाला खडे बोल सुनावणाऱ्या ईयोबावर नाही. आपल्या मंडळ्यांत हा अध्याय मोठ्याने वाचला जाण्याची फार गरज आहे, असे माझे मत आहे.

आता "आमच्यात काय कमी आहे" याविषयी. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२, शांतपणे वाचा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. हे अवघ्या एका वचनात येते. त्यानंतर त्याने पेत्राला धरले, मंडळीने त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना केली, आणि देवदूताने त्याला तुरुंगातून बाहेर काढले. याकोबासाठी कोणी प्रार्थना केली नसेल का? तो प्रभूच्या अगदी निकटच्या तिघांपैकी एक होता. रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमाने बागेत पेत्राबरोबर तोही होता. एकच मंडळी, एकच राजा. एक जण मारला गेला आणि दुसरा सुटला. हे पुस्तक लिहिणारा लूक याचे कसलेही स्पष्टीकरण देत नाही. याकोबाचा विश्वास कमी पडला असे तो सुचवतसुद्धा नाही.

पुढचा भाग तर तुमच्यासाठीच लिहिला असावा असे मला वाटते. सुटलेला पेत्र योहान मार्काच्या आईच्या घरी आला आणि त्याने दार ठोठावले. आत मंडळी त्याच्यासाठीच प्रार्थना करीत होती. रुदा नावाची मुलगी दाराशी गेली, तिने त्याचा आवाज ओळखला, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली आणि पेत्र आला आहे असे सांगू लागली. प्रार्थना करणारे तिला म्हणाले, "तू वेडी आहेस." उत्तर दाराशी उभे राहून ठोठावत होते आणि मागणाऱ्यांचा त्यावर विश्वास बसत नव्हता! विश्वासाचे माप भरल्यावर उत्तर मिळते हा हिशोब खरा असता, तर पेत्र त्या रात्री तुरुंगातच राहिला असता. त्यामुळे ज्यांना बरे वाटले त्यांचा विश्वास मोठा आणि ज्यांना वाटले नाही त्यांचा लहान, असे कोणी म्हणू लागला तर त्याला हा अध्याय दाखवा.

मग भरवसा कशावर, हा तुमचा खरा प्रश्न. यजमान बरे होतील असे वचन मी देऊ शकत नाही. तसे ठामपणे सांगणाऱ्या कोणावरही विसंबू नका, मग तो व्यासपीठावरून कितीही मोठ्याने बोलो. त्यांच्यासाठी मागणे मात्र थांबवू नका, कारण मागण्यास आपल्याला सांगितलेले आहे. गेथशेमानेत प्रभूने प्याला, म्हणजे पुढचे दुःख, टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याने २२ व्या स्तोत्रातले "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे शब्द उच्चारले आणि त्या क्षणी आकाशातून काही उत्तर आले असे शुभवर्तमानांत लिहिलेले नाही. पित्याला परमप्रिय असलेल्या पुत्राचीही मागणी जशीच्या तशी मान्य झाली नाही, म्हणून तुमची मान्य झाली नाही यावरून देवाला तुम्ही नकोशा आहात असा अर्थ निघू शकत नाही. आणि ज्याच्या त्या हाकेला तेव्हा उत्तर आले नाही त्याला तिसऱ्या दिवशी देवाने उठवले. ख्रिस्ती माणसाचा भरवसा अखेर येथे येऊन टेकतो: मृत्यूनंतरही ज्याची सत्ता संपत नाही अशाच्या हाती आपण आणि आपली माणसे आहोत, यावर. पेत्र सुटला, पण कायमचा नाही. त्यालाही पुढे ख्रिस्तासाठी मरण आले. याकोब आणि पेत्र या दोघांचीही आशा त्यामुळे पुनरुत्थानावरच होती. हे उत्तर तुमच्या रात्री सोप्या करील असा माझा दावा नाही.

"सर्व काही चांगल्यासाठीच होते" हे रोमकरांस पत्रातले जे वचन ऐकून तुम्ही कंटाळला आहात ते आठव्या अध्यायातले २८ वे आहे. कंटाळणे साहजिक आहे, कारण ते एकटेच उचलून लोकांच्या हातात दिले जाते. त्याच्या दोनच वचने आधी प्रेषित पौल लिहितो की आपण प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते, आणि आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. शब्द न सुचणाऱ्या माणसांना उद्देशूनच पुढचे वाक्य आहे.

सकाळची उपासना

वरील सर्व पटले, तरी एक काळजी बोलून दाखवते. विलाप योग्य आहे, पण माणूस त्यातच वस्तीला राहू शकतो. माझ्या ओळखीत असे घडलेले मी पाहिले आहे. तक्रारीची सवय झाली आणि हळूहळू देवाशी बोलणे संपून देवाविषयी बोलणे तेवढे उरले. हबक्कूक संदेष्ट्याने अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशी सगळी उणीव मोजली आणि "तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन" असे म्हटले. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये वारले; एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. त्या वेळी रमाबाई स्वतः थकलेल्या होत्या, पण हाती घेतलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. दुःख ओसरण्याची वाट पाहत त्या बसल्या नाहीत.

जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी एक नियम घालून दिला आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. मन उजाड झालेले असताना पूर्वी चांगल्या स्थितीत केलेला निश्चय बदलू नये, त्या काळात नवे मोठे निर्णय घेऊ नयेत. ताई, प्रार्थनासभा सोडण्याचा तुमचा निर्णय अशाच काळातला आहे. तेवढा पुन्हा तपासून पाहावा.

जुना वाचक

सकाळची उपासना, तुमची काळजी रास्त आहे. मात्र हबक्कूकाचे पुस्तक तीन अध्यायांचे आहे आणि तो हर्ष तिसऱ्याच्या शेवटी येतो; सुरुवात "मी किती काळ ओरडू" अशीच आहे. ताई अजून पहिल्या अध्यायात असतील तर त्यांना तिसरा गायला लावू नये. इग्नेशियस यांचा नियम मलाही मान्य आहे, परंतु त्यात निश्चय न बदलण्याविषयी सांगितले आहे. जखमेवर मीठ चोळणाऱ्या विशिष्ट खोलीत दर आठवड्याला जाऊन बसण्याविषयी नाही. रविवारची उपासना आणि प्रभुभोजन सोडू नये, याविषयी आपले एकमत आहे. तेथे ताईंनी गायले नाही तरी चालेल. शेजारी उभे असलेले गातील. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून खाली सोडले, तेव्हा प्रभूने "त्यांचा विश्वास पाहून" क्षमा केली असे लिहिले आहे. खाटेवरचा माणूस तेथे एक शब्दही बोललेला नाही. सभेऐवजी तूर्त अशी दोन-तीन माणसे शोधावीत, जी वाहून नेतील आणि प्रश्न विचारणार नाहीत.

वाटेवरची

सर्वांची उत्तरे मी डायलिसिसच्या वेळी बाहेर बसून वाचली आणि प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२, यजमानांना घरी मोठ्याने वाचून दाखवला. रुदाच्या ठिकाणी ते हसले. मग म्हणाले की याकोबाच्या आईने तो पेत्राचा आनंदोत्सव कसा पाहिला असेल. यावर आम्ही बराच वेळ बोललो. पुष्कळ दिवसांत औषधे आणि पैसे सोडून आमचे असे काही बोलणे झाले नव्हते.

रविवारी जाणार आहे. सभेचे नंतर बघेन. शेजारच्या एका मावशींनी दर आठवड्याला एका पाळीला बसायचे कबूल केले आहे, आणि डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दोन गोष्टी अजून अडतात. मुलाला काय सांगू? आणि त्या भगिनी घरी भेटायला येणार आहेत, त्यांनी पुन्हा तेच काढले तर काय बोलू? भांडण नको आहे.

एक पाळक

मुलाला खरे सांगा. "देव ऐकतो असे मी मानते, बाबांना अजून बरे का वाटत नाही ते मला माहीत नाही, मीही त्याला तेच विचारते आहे" एवढे पुरे. मग १३ वे स्तोत्र त्याच्याबरोबर वाचा आणि "किती काळ" ही वचने त्याला म्हणू द्या. त्याचा प्रश्न शास्त्रात आधीच लिहून ठेवलेला आहे हे त्याला तुमच्या समजावण्यापेक्षा वाचण्यातून अधिक पटेल. तो रागावला तर रागावू द्या, लगेच थांबवू नका. "देव ऐकतो का" हे त्याने पुन्हा विचारले तरी उत्तर बदलू नका आणि वाढवूही नका.

भगिनींना पाणी द्या, बसवा, आणि त्यांनी विषय काढण्याआधी तुम्हीच म्हणा: "तुम्ही आलात, बरे वाटले. कारण शोधण्याची ताकद आता माझ्यात नाही, आणि ते शोधण्यात मला तुमची मदत नको आहे. पण गुरुवारच्या पाळीला यांच्याजवळ कोणी बसणारे मिळाले तर मला फार आधार होईल." प्रेमाने बोललेली बाई असेल तर ती गुरुवारी येईल. तरीही तिने पापाचा विषय काढलाच, तर तुम्ही उत्तर देत बसू नका. माझ्यासारख्या कोणाला, म्हणजे तुमच्या पाळकांना, तिच्याशी बोलायला सांगा. ते आमचे काम आहे आणि आम्ही ते पुष्कळदा टाळतो.

शुश्रूषा

ताई, एक छोटी भर. त्या दिवशी यजमान जागे असतील तर भगिनींना त्यांच्या खोलीत नेण्याआधी त्यांना विचारून घ्या की आज कोणी खाटेजवळ प्रार्थना केलेली त्यांना चालेल का. डायलिसिस झाल्यावर रुग्ण फार गळून जातात, आणि लांबलचक प्रार्थनेला "नको" म्हणण्याचा त्यांना संकोच वाटतो. त्यांच्या वतीने तुम्ही "आज दोनच वाक्ये" असे सांगू शकता.